पाच चुका आणि शून्य

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील कोणत्याही तालुक्याच्या गावी उन्हाळ्याच्या आरंभी एक ठरावीक देखावा दिसत असे. आसपासच्या खेड्यांतील बारा-तेरा वर्षांची मुले आपापल्या शिक्षकांबरोबर परीक्षेसाठी येत. खोली अनोळखी, परीक्षक अनोळखी, आणि उतारा वाचून दाखविणारा आवाजही अनोळखी. सुमारे पंधरा ओळींचा तो उतारा मुलांनी ऐकावयाचा आणि बिनचूक लिहून काढावयाचा. गुण दहा. प्रत्येक पुऱ्या चुकीला दोन गुण वजा. म्हणजे पाच चुका झाल्या की शून्य. आणि या एका विषयात शून्य मिळाले की गणितात किंवा निबंधात मिळविलेले सारे गुण व्यर्थ. मुलगा त्या वर्षी नापास.

ही परीक्षा प्राथमिक शिक्षणाच्या प्रमाणपत्राची होती. बहुतेक मुलांच्या आयुष्यातील ती पहिली परीक्षा असे आणि तीच शेवटचीही. पाच चुकांचा हा नियम फ्रान्सच्या कित्येक पिढ्यांच्या स्मरणात कायमचा राहिला. विद्यार्थ्याचे लेखन तपासून त्याची योग्यता ठरवावी कशी, हा प्रश्न जगातील प्रत्येक शाळेला पडतो. फ्रान्सने त्याला एक अगदी स्पष्ट उत्तर दिले आणि पुढील शंभर वर्षे त्या उत्तराशी झगडण्यात घालविली. या झगड्याचा इतिहास परीक्षा देणाऱ्यांइतकाच परीक्षा घेणाऱ्यांनाही विचार करावयास लावणारा आहे.

आधी या परीक्षेतील अडचण कोणती हे पाहिले पाहिजे. मराठीत आपण जसे बोलतो तसेच बहुतांशी लिहितो. फ्रेंच भाषेची गोष्ट वेगळी आहे. ‘मी गातो’, ‘तू गातोस’ आणि ‘ते गातात’ या तीन वाक्यांतील क्रियापदे मराठीत कानाला वेगवेगळी ऐकू येतात. फ्रेंचमध्ये त्यांचा उच्चार एकच होतो, पण लिहिताना प्रत्येकाच्या शेवटी निराळी अक्षरे येतात. अनेकवचनाचे चिन्ह बहुधा उच्चारले जात नाही. ते केवळ कागदावर असते. भूतकालवाचक कृदन्ताचा नियम तर विशेष कुप्रसिद्ध आहे. ‘मी पत्रे लिहिली’ अशा रचनेत कर्म क्रियापदाच्या नंतर आले तर कृदन्त बदलावयाचे नाही. पण ‘मी लिहिलेली पत्रे’ अशा अर्थाच्या रचनेत कर्म आधी आले, तर कृदन्ताला कर्माचे लिंग आणि वचन लावावयाचे. हा फरक बहुतेक वेळा कानाला कळत नाही. तेव्हा फ्रेंच मुलाला श्रुतलेखन लिहिताना ऐकलेले उतरवून चालत नाही. प्रत्येक वाक्याचे व्याकरण मनात सोडवूनच त्याला लेखणी टेकावी लागते.

ही न उच्चारली जाणारी अक्षरे कोणा एकाने ठरवून घातलेली नव्हती. त्यांपैकी काही जुन्या उच्चारांचे अवशेष होती, तर काही लॅटिन भाषेचे नाते दाखविण्यासाठी विद्वानांनी जोडली होती. १६३५ साली रिशलिएच्या पुढाकाराने फ्रेंच अकादमी स्थापन झाली आणि १६९४ मध्ये तिचा पहिला कोश बाहेर पडला. कोशाची तयारी चालू असताना, १६७३ साली, अकादमीचे सभासद आणि इतिहासकार मेझरे यांनी जुन्या लेखनपद्धतीचा पक्ष घेतला होता. त्यांचे कारण मोठे बोलके होते. ही पद्धत सुशिक्षितांना अडाणी लोकांपासून आणि सामान्य स्त्रियांपासून वेगळे ओळखू देते, असे त्यांचे म्हणणे होते. शुद्धलेखन ही सामाजिक कुंपणाची काठी आहे, हे इतक्या उघडपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. तथापि त्या काळी या कुंपणाच्या आत फार थोडे लोक होते, आणि त्यांपैकीही अनेक जण आपल्या मर्जीप्रमाणे लिहीत. कुंपण सर्वांना लागू झाले ते एकोणिसाव्या शतकात.

१८३३ च्या गिझोच्या कायद्याने गावोगावी प्राथमिक शाळा असणे आवश्यक ठरले. शाळा वाढल्या तसे शिक्षक हवे झाले, आणि शिक्षकांची पात्रता तपासावयाची तर काही माप हवे होते. त्या कामी श्रुतलेखन फार सोयीचे पडले. त्याला एक पुस्तक आणि एक वाचणारा पुरे होई. शेकडो उत्तरपत्रिका थोड्या वेळात तपासता येत, आणि दोन परीक्षकांत मतभेद होण्याचे कारण उरत नसे, कारण चूक ही चूकच. आंद्रे शेरव्हेल या इतिहासकाराने १९७७ साली असे प्रतिपादन केले, की फ्रान्समधील शालेय व्याकरण हे मुळात शुद्धलेखन शिकविण्याच्या गरजेतून घडले. भाषेचा स्वभाव समजावा म्हणून व्याकरण शिकविले जात नव्हते. न ऐकू येणारी अक्षरे बरोबर जागी पडावीत म्हणून व्याकरणाची रचना झाली. परीक्षेचे साधन अभ्यासक्रमाला आपल्या आकारात कसे ओतून घेते, याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

या काळात श्रुतलेखनाला केवढी प्रतिष्ठा आली होती हे एका प्रसिद्ध आख्यायिकेवरून दिसते. १८५७ साली सम्राट तिसरा नेपोलियन याच्या दरबारात, मनोरंजन म्हणून, प्रॉस्पेर मेरिमे या लेखकाने मुद्दाम रचलेला एक अवघड उतारा उपस्थितांना सांगितला. सम्राटाच्या ७५ चुका झाल्या, सम्राज्ञी युजेनीच्या ६२, आणि नाटककार धाकटा अलेक्झांडर ड्यूमा याच्या २४. सर्वांत कमी, म्हणजे अवघ्या ३ चुका झाल्या त्या ऑस्ट्रियाच्या मेटर्निख याच्या. अर्थात एका परकीयाच्या! हे आकडे परंपरेने सांगितले जातात; त्यांचा हिशेब काटेकोर असेलच असे नाही. पण गोष्टीचे मर्म आकड्यांत नाही. सम्राटाच्या ७५ चुका झाल्या तरी त्याचे सिंहासन हलले नाही. खेड्यातील मुलाच्या पाच चुका झाल्या की त्याचे दार बंद होत असे.

हे दार खरोखरीचे होते. ज्यूल फेरी यांच्या मंत्रिपदाच्या काळात १८८१ साली प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि १८८२ मध्ये ते सहा ते तेरा वर्षे वयाच्या मुलांना सक्तीचे झाले. १८८२ च्याच कायद्याने प्रमाणपत्राच्या परीक्षेला राष्ट्रव्यापी स्थान मिळाले. अकरा वर्षे पुरी झालेल्या मुलाला तिला बसता येई, आणि उत्तीर्ण झालेल्याची शाळेची सक्ती संपे. टपाल, रेल्वे अशा खात्यांतील लहान नोकऱ्यांकडे जाण्यासाठी हा कागद उपयोगी पडे. शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या घरात तो चौकटीत बसवून भिंतीवर लावीत. शिक्षकाची कीर्तीही उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर ठरे. साहजिकच शिक्षक ज्यांची खात्री वाटेल अशाच मुलांना परीक्षेला पाठवीत आणि उरलेल्यांना मागे ठेवीत. तिसरे प्रजासत्ताक अखेरीला आले त्या सुमारासही प्रमाणपत्र मिळविणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे निम्मे होते. उरलेली निम्मी मुले सक्तीच्या शाळेतून काहीही न घेता बाहेर पडली असे नव्हे. पण त्यांना जे येत होते त्याची नोंद कोणत्याही कागदावर झाली नाही.

तरीही या शाळेला केवळ दोष देणे न्यायाचे होणार नाही. दक्षिण फ्रान्समधील ओद जिल्ह्यात लुई बार्तास नावाचा एक पिंपे बनविणारा कारागीर होता. त्याचा जन्म १८७९ चा. प्रमाणपत्राच्या परीक्षेत तो आपल्या तालुक्यात पहिला आला होता, पण त्यापुढे त्याचे शिक्षण झाले नाही. १९१४ मध्ये तो महायुद्धावर गेला आणि परत आल्यावर त्याने आपल्या टिपणांवरून एकोणीस शाळकरी वह्या भरून युद्धाची हकिकत लिहिली. १९७८ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा खंदकातील साध्या शिपायाच्या अनुभवाचा एक श्रेष्ठ दस्तऐवज म्हणून तिची गणना झाली. एका कारागिराच्या हाती सरळ, भरदार गद्य दिले ते याच खेडवळ शाळेने. परंतु त्याच खंदकांतून लक्षावधी शिपायांनी घरी पत्रे लिहिली, आणि त्यांपैकी पुष्कळांची पत्रे प्रमाणपत्राच्या परीक्षकाने पहिल्याच परिच्छेदात शून्यावर आणली असती. त्या पत्रांतील मजकूर मात्र घरी पोहोचत होता, समजत होता आणि जपून ठेवला जात होता. लेखनाचे मूळ प्रयोजन जे, ते तेथे सिद्ध होत होते.

ही विसंगती शिक्षणखात्यातील जाणत्या माणसांच्या नजरेतून सुटली नव्हती. प्राथमिक शिक्षणाचे संचालक म्हणून सतरा वर्षे काम केलेले फेर्दिनां ब्युइसाँ यांना श्रुतलेखनाचे हे स्तोम मान्य नव्हते. १८९१ मध्ये शिक्षणमंत्री लेआँ बुर्ज्वा यांनी परिपत्रक काढून परीक्षकांना शुद्धलेखनाच्या बाबतीत उदारपणा दाखविण्यास सांगितले. अज्ञानामुळे झालेली चूक आणि भाषेच्याच विसंगतीमुळे झालेली चूक यांत भेद करावा, असा त्यामागील आशय होता. १९०० च्या जुलैमध्ये मंत्री जॉर्ज लेग यांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. वर सांगितलेल्या कृदन्ताच्या नियमासह अनेक बाबतींत सवलत देणारा हुकूम निघाला. परंतु अकादमीने हरकत घेतली, आणि १९०१ च्या फेब्रुवारीत निघालेल्या सुधारित हुकमातून कृदन्ताची मुख्य सवलत वगळली गेली. १९०४ मध्ये भाषाशास्त्रज्ञ पोल मेयेर यांच्या समितीने लेखनपद्धतीतच सुधारणा सुचविली. १९०५ मध्ये फेर्दिनां ब्रुनो यांनी शिक्षणमंत्र्यांना जाहीर पत्र लिहून तिचा पुरस्कार केला. दोघांचेही प्रयत्न फळाला आले नाहीत.

येथे मराठीचा दाखला सहज आठवतो. मराठी लेखनातही एके काळी न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांची गर्दी होती, आणि ‘नांव’, ‘कांहीं’, ‘मुलें’ यांवरील टिंबांसाठी विद्यार्थ्यांनी छड्या खाल्ल्या होत्या. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले नवे नियम १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वीकारले आणि व्युत्पत्तीपुरतीच उरलेली ती टिंबे शाळेतून निघून गेली. वाद पुष्कळ झाले, ऱ्हस्व-दीर्घांचे आजही चालू आहेत. पण मूक टिंब विसरले म्हणून गुण गमावण्याची पाळी त्यानंतरच्या मुलांवर आली नाही. फ्रान्समध्ये असे होऊ शकले नाही याचे कारण भाषिक कमी आणि सामाजिक अधिक होते. ज्यांनी कष्टाने शुद्धलेखन साध्य केले होते, त्यांच्या दृष्टीने ती मिळकत होती. आणि आपली मिळकत स्वस्त व्हावी असे कोणालाच वाटत नाही. प्रमाणपत्र मिळविलेला खेड्यातील शिक्षक आणि अकादमीचा सभासद या बाबतीत एका बाजूला उभे राहिले. १९७६ मध्ये मंत्री रने आबी यांच्या कारकिर्दीत पुन्हा सवलती जाहीर झाल्या. पण परीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. १९९० मध्येही काही सुधारणा सरकारी राजपत्रात प्रसिद्ध झाल्या, त्या वैकल्पिक म्हणूनच.

श्रुतलेखनाला विटलेल्यांचा एक साधा सल्ला असे: चुका मोजणे सोडा आणि मुलाचा निबंध वाचा. माध्यमिक शाळांनी हा मार्ग घेतलाच होता. तेथे लॅटिनमधील रचना हा विद्यार्थ्याच्या योग्यतेचा मुकुटमणी मानला जाई. १८८० मध्ये बाकालोरेआ परीक्षेत लॅटिन निबंधाची जागा फ्रेंच निबंधाने घेतली, आणि १८९० पासून शून्य ते वीस अशी गुणांची मोजपट्टी रूढ झाली. आता चुकांच्या हिशेबाऐवजी विचार, मांडणी आणि भाषेचा डौल यांचे मोल होणार होते. हे मोल करणारा परीक्षक विद्वान आणि अनुभवी असे, म्हणून त्याचा निर्णय विश्वासार्ह धरला जाई. तो किती विश्वासार्ह आहे हे पाहण्याचे पुढील तीस वर्षे कोणाच्या मनात आले नाही.

ते काम मानसशास्त्रज्ञ आँरी पिएराँ यांनी हाती घेतले. १९२२ पासून त्यांनी परीक्षांचीच परीक्षा घेण्यास आरंभ केला आणि या अभ्यासाला, कसोटी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, ‘दोसिमोलोजी’ असे नाव दिले. मराठीत त्याला परीक्षाशास्त्र म्हणता येईल. १९३० च्या सुमारास आँरी लोजिए आणि त्यांच्या सहकारी वाईनबर्ग यांनी अध्यापकांच्या वरिष्ठ स्पर्धापरीक्षेतील इतिहासाच्या १६६ जुन्या उत्तरपत्रिका दप्तरातून बाहेर काढल्या आणि दोन अनुभवी परीक्षकांकडून, एकाचे गुण दुसऱ्याला न कळू देता, पुन्हा तपासून घेतल्या. एकाने उत्तीर्ण ठरविलेल्यांपैकी निम्मे उमेदवार दुसऱ्याने अनुत्तीर्ण ठरविले. नशिबाचा खेळ म्हणून ज्याची थट्टा होत असे, ते आकड्यांनी सिद्ध झाले.

त्यानंतर कार्नेगी संस्थेच्या साह्याने अनेक देशांत परीक्षांची चौकशी झाली. इंग्लंडमधील कामाचे एक प्रमुख होते सर फिलिप हार्टोग. डाक्का विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि १९२९ च्या शिक्षणविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव भारतात परिचित होते. फ्रान्सच्या समितीचा अहवाल १९३६ साली प्रसिद्ध झाला. बाकालोरेआच्या सहा विषयांपैकी प्रत्येकाच्या शंभर उत्तरपत्रिका पाच-पाच परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासल्या होत्या. फ्रेंच निबंधाच्या एकाच उत्तरपत्रिकेला मिळालेल्या गुणांतील सर्वांत मोठे अंतर वीसपैकी १३ गुणांचे निघाले. परीक्षकाच्या व्यक्तिगत कलाचा परिणाम पुसला जाऊन गुण स्थिर व्हावयाचे तर किती परीक्षकांची सरासरी घ्यावी लागेल, याचेही गणित मांडले गेले. गणितासाठी १३ परीक्षक लागतील, फ्रेंच निबंधासाठी ७८ आणि तत्त्वज्ञानासाठी १२७! एका मुलाच्या एका निबंधासाठी ७८ परीक्षक कोणते राष्ट्र बसवू शकेल?

अशा रीतीने दोन्ही वाटा एका अर्थी अडल्या होत्या. श्रुतलेखनात परीक्षकांचे एकमत होते. पण ज्याविषयी एकमत होते ती गोष्ट लेखन नव्हती, लेखनाचा एक लहानसा भाग होता. निबंधात जे तपासले जाई ते खरेखुरे लेखन होते. पण त्याविषयी दोन तज्ज्ञांचे मत जुळत नव्हते. जे मोजता येते ते पुरेसे महत्त्वाचे नाही, आणि जे महत्त्वाचे आहे ते नीट मोजता येत नाही, हा पेच पिएराँ यांच्या आकड्यांनी प्रथमच उघड्यावर आणला. न्यायाच्या नावाने चाललेल्या दोन्ही व्यवहारांत मुलाची बाजू मात्र सारखीच दुबळी होती. निर्णय कसा झाला हे त्याला कोणी सांगत नसे.

याच काळात एका खेड्यातील शिक्षकाने या पेचाकडे अगदी वेगळ्या बाजूने पाहिले. सेलेस्तँ फ्रेने हा महायुद्धात फुप्फुसाला जखम होऊन परतलेला तरुण १९२० मध्ये आल्प-मारितीम जिल्ह्यातील बार-स्यूर-लू येथे शिक्षक झाला. श्वासाच्या त्रासामुळे त्याला वर्गात फार वेळ बोलणे जड जाई. १९२४ च्या सुमारास त्याने वर्गात एक लहानसे छापखान्याचे यंत्र आणले. मुलांनी आपल्या मनाने, आपल्या अनुभवाचे काही लिहावे, वर्गाने त्यांतील एक मजकूर निवडावा, सर्वांनी मिळून फळ्यावर तो सुधारावा, आणि मग एकेक खिळा जुळवून तो छापावा, असा क्रम त्याने घातला. छापलेली पाने दूरच्या ब्रिटनीमधील एका शाळेला पाठविली जात आणि तेथील मुलांची पाने इकडे येत.

या व्यवस्थेत चूक नाहीशी झाली नव्हती. उलट खिळे जुळविताना प्रत्येक अक्षर हातातून जात असल्यामुळे चूक अधिक ठळक दिसे. पण तिचा अर्थ पालटला. ती गुण वजा करण्याची बाब न राहता, शेकडो मैलांवरील वाचकाला अडखळविणारा दगड ठरली. आणि तो दगड बाजूला काढणे हे लिहिणाऱ्याचे व त्याच्या सोबत्यांचे काम झाले. फ्रेनेची वाट सुखाची नव्हती. पुढे साँ-पोल येथे गावातील विरोधकांनी त्याच्याविरुद्ध मोहीम उभारली, १९३३ मध्ये त्याला ती जागा सोडावी लागली, आणि १९३५ मध्ये त्याने व्हाँस येथे स्वतःची शाळा काढली. त्याची पद्धत साऱ्या राष्ट्राच्या परीक्षेची जागा घेऊ शकली नाही. तशी ती नव्हतीही. परंतु लेखनाचे मूल्यमापन हे लेखन संपल्यावर करावयाचे काम नसून लेखन चालू असतानाच करावयाचे काम आहे, हे तिने दाखवून दिले.

मग चुका मोजण्याला काहीच अर्थ नाही काय? इतिहासाने या प्रश्नाचेही उत्तर दिले आहे, आणि ते अनपेक्षित आहे. १८७३ ते १८७७ या काळात ब्यूव्हँ नावाच्या शिक्षणनिरीक्षकाने देशभर फिरून, वृक्षांविषयीचा फेनेलाँ याचा एकच लहान उतारा मुलांना सांगून, सुमारे ३,००० उत्तरपत्रिका गोळा केल्या होत्या. शतकानंतर शेरव्हेल आणि दानिएल मानेस यांना त्या दप्तरात सापडल्या. १९८७ च्या सुमारास त्यांनी तोच उतारा तितक्याच विद्यार्थ्यांना सांगितला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या शाळेच्या सोन्याच्या दिवसांची आठवण काढणाऱ्यांना धक्का बसला, कारण त्याच वयाच्या जुन्या मुलांपेक्षा नव्या मुलांच्या चुका कमी होत्या. प्रमाणपत्राची ती परीक्षाही त्याच १९८९ साली कायमची बंद झाली.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. २००५ मध्ये मानेस यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मुले १९८७ च्या मुलांपेक्षा सुमारे दोन इयत्ता मागे पडल्याचे आढळले. शिक्षणखात्याच्या स्वतंत्र पाहणीतही हेच दिसले. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गाला सांगितलेल्या एकाच लहान उताऱ्यात १९८७ साली सरासरी सुमारे ११ चुका होत. २००७ मध्ये त्या १४ च्या पुढे गेल्या, २०१५ मध्ये सुमारे १८ झाल्या आणि २०२१ मध्ये १९ च्या वर. वाढ मुख्यतः व्याकरणाच्या चुकांत होती. म्हणजे कानाला न कळणाऱ्या त्याच मूक अक्षरांत. शाळेत भाषेला किती तास द्यावेत, शिक्षकांची तयारी कशी करावी, याचा विचार करणाऱ्याला हे आकडे अमोल आहेत.

येथेच या साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली सापडते. चुका मोजण्याचे साधन मुळात वाईट नव्हते; ते चुकीच्या कामाला लावले गेले होते. हजारो मुलांची सरासरी काढून एका काळाची दुसऱ्या काळाशी तुलना करावयास ते उत्तम आहे, कारण त्यात परीक्षकाची मर्जी चालत नाही. पण एका सकाळी, एका उताऱ्यात, एका मुलाने केलेल्या पाच चुकांवरून त्याचे भवितव्य ठरवावयास तेच साधन निकामी आहे.

परकीय विद्यार्थ्यांसाठी फ्रान्सने १९८५ मध्ये ज्या प्रमाणपत्र-परीक्षा सुरू केल्या, त्यांत या अनुभवाची छाया दिसते. मुंबई-पुण्यात फ्रेंच शिकणारे पुष्कळ मराठी विद्यार्थी याच परीक्षांना बसतात. त्यांतील लेखनाची उत्तरपत्रिका तपासताना परीक्षकासमोर एक तक्ता असतो. विचारले तेच लिहिले आहे काय, मजकुराला सुसंगती आहे काय, शब्दसंग्रह कसा आहे, व्याकरण कसे आहे, या प्रत्येकाला वेगळे गुण. शुद्धलेखनालाही त्यात वाटा आहे, पण ठरावीक. ते सगळ्या लेखनावर बोळा फिरवू शकत नाही. अशा तक्त्याने परीक्षकांमधील अंतर पुरते मिटते असे नव्हे. परंतु गुण कशाचे दिले आणि कशाचे कापले, हे परीक्षकाला आधी स्वतःला सांगावे लागते, आणि मग विद्यार्थ्यालाही सांगता येते. १८८२ च्या मुलाला जे मिळाले नाही ते हेच होते.

परीक्षा घेणे टळत नाही. हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि लाल शाईची दौत घेऊन बसलेल्या शिक्षकाला रात्री केव्हातरी आकडा लिहावाच लागतो. मेरिमेचा उतारा, ब्यूव्हँच्या उत्तरपत्रिका आणि पिएराँचे ७८ परीक्षक त्याला एवढेच सांगतात, की तो आकडा मुलाविषयी जितके बोलतो तितकेच मापाविषयीही बोलतो. ज्या शिक्षकाला हे ठाऊक आहे तो आकडा लिहील. पण त्याच्या शेजारी दोन ओळींत, मुलाने काय साधले आणि पुढे काय साधावयाचे आहे, तेही लिहील. फ्रान्सच्या शाळेला शून्याशेजारी या दोन ओळी लिहावयास शिकण्यासाठी एक शतक लागले.